तीन ठिपक्यांचा साडू

साकीनाक्याच्या गाळ्यांतून नाना तऱ्हेचे हेकट कारागीर मी बघितले, मी स्वतःही काही कमी नाही. पण माझ्या साडूपुढे आम्ही सगळे गरीब गाई. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. ऐंशीनंतरची ती वर्षं. माझं मोटारींचं गॅरेज, आणि शेजारच्या गाळ्यात त्याचं कॅम घासायचं मशीन. कॅम म्हणजे इंजिनातला दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. उंचवटा फिरत आला की व्हॉल्व्ह उघडतो, आणि तो परत मिटवायचं काम स्प्रिंगचं. एवढी साधी गोष्ट. पण त्या उंचवट्याचा चढ कसा असावा यावर हा माणूस गिऱ्हाईक उठून गेलं तरी बोलत राहायचा. घासलेला दांडा मांडीवर घेऊन, डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवत बसायचा. तेवढा वेळ गाळ्यात कुणी खोकायचं नाही. मनासारखं उतरलं तरच टोकाला पंचने तीन ठिपके ठोकायचा. ती त्याची सही. सही नाही तर दांडा परत मशीनवर, मग गिऱ्हाईक दारात रडेना का.

स्वतःच्या पोरीच्या लग्नात व्याह्यांपुढे हात जोडून उभं राहायचं सोडून हा पंगतीत वाढप्याच्या मागे. "आमटी आधी हळू सोड, मधे घाई कर, शेवटी परत हळू. ताटाबाहेर थेंब जाणार नाही. कॅमचा चढ असाच असतो, समजलं?" व्याही माझ्या कानाशी आले, "यांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे, तेच तर दुखणं आहे."

तुटकी स्प्रिंग घेऊन कुणी आला आणि तिला नावं ठेवायला लागला, की हा भडकायचा. "तिला काय शिव्या देतोस रे? चढ उभा केलास की व्हॉल्व्ह फेकल्यासारखा उडतो, कॅमला सोडून जातो. त्याला धरून आणता आणता ती बिचारी मरते. आणि कडक स्प्रिंग घातलीस तर ती कॅमच खाते."

मी चौथी नापास. पण इंजिनातलं मला कुणी शिकवायचं नाही, हा माझा बाणा. वर्सोव्याच्या एका हौशी शेठला मी शब्द दिला की तुमची गाडी उडवून दाखवतो. साडूला म्हटलं, "चढ उभा घास." तो म्हणाला, "साडभाऊ, साधं इंजिन आहे, विमान नाही. मी नाही घासणार." त्यानं आपल्या पद्धतीनं घासला, ठिपके ठोकले, माझ्या हातात दिला. तो जेवायला गेला, आणि मी हातग्राइंडर घेऊन आठही उंचवटे पायथ्याशी घासले. उंचवट्याचं टोक वर आलं, चढ झाला उभा. वर कडक स्प्रिंगा बसवल्या. चार दिवस गाडी खरंच उडाली. पाचव्या दिवशी हायवेवर स्प्रिंग तुटली, व्हॉल्व्ह आत पडला, इंजिनाची वाट लागली.

शेठ आला आणि दांडा साडूच्या टेबलावर आदळला. "ही खूण तुझीच ना?" गाळ्याबाहेर गर्दी. साडूनं डोळे मिटून अंगठा फिरवला. पहिल्याच उंचवट्यावर थांबला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी नट पुसत होतो. तो म्हणाला, "खूण माझी आहे, तर काम माझं आहे."

शेठनं ती गोष्ट अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत पोचवली. वर्षाच्या आत साडूचं मशीन विकलं गेलं, गाळा गेला, आणि हा कांजूरला एका कारखान्याच्या गेटावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या तपासत बसला. मला त्याचा संताप आला, अजून येतो. चारचौघांत माझी गचांडी धरली असती, आईवरून शिवी दिली असती, तर मी तिथेच मोकळा झालो असतो. ते नाही! भेटला की हसायचा, "काय साडभाऊ, धंदा कसा?" शेवटी मीच त्याच्याशी बोलणं टाकलं. नातलगांना वाटलं, यानंच माझं काहीतरी वाकडं केलं असणार. तेही मी वाटू दिलं.

तो गेला तेव्हा दिवसांना कांजूरला गेलो. मेहुणी म्हणाली, "भावोजी, एकदा ह्यांचा हात चुकला, ते शेवटपर्यंत मनातून गेलं नाही हो." म्हणजे त्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं! मी म्हणालो, "ताई, हात त्याचा नव्हता. माझा होता."

 वाटलं, आता ती मला घराबाहेर काढेल, काढावंच. पण ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगता? पोरीला सांगा. बापामुळे घराची धूळधाण झाली म्हणून ती शेवटची दोन वर्षं भेटायलासुद्धा आली नाही."

पोर बाहेर नळावर कळशी भरत होती. नाक, कपाळ, सगळं बापाचं. मी जाऊन तिच्याजवळ उभा राहिलो. कळशी भरून वाहायला लागली तरी मला तिला हाक मारता येईना.