बिसी बिसी सरस

आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, यांनी उभ्या हयातीत चिकटलेल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवला नाही. पाकिटावरचं तिकीट ते नखानं उचकटून बघत. भिंतीवरच्या पालीखाली उभे राहून “सुटणार, बघ” म्हणत आणि पाल बिचारी खरोखरच अस्वस्थ होई. नवा जावई पहिल्या दिवाळीला जरा जास्तच लाघवीपणे वागू लागला, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, “लगेच चिकटतं ते लगेच सुटतं. याच्यावर नजर ठेव.”

आणि अशा माणसानं सोलापुरातलं चालतं कापडाचं दुकान बंद करून सोलापूरहून अक्कलकोट-मैंदर्गीच्या वाटेवर सर्व्हिस मोटार घातली! मोटार कसली, चार चाकांवर सुटं सामान. लाकडी सांगाडा, त्यावर कुठं पत्रा, कुठं रंगवलेलं कापड, आणि दारांना चहाच्या खोक्यांच्या फळ्या. दर खेपेला एखादा अवयव वाटेत राही. मागून येणारे बैलगाडीवाले तो उचलून आणून देत आणि “मालक, ह्यो तुमचाच न्हवं?” असं विचारत. त्यातही आतोबांना संशय, की हेच लोक पुढं जाऊन खिळे ढिले करतात.

खिळ्यांनी फळी फाटते, म्हणून ती चिकटवायची, पण कशानं? इथं त्यांचं डोकं संशयानं नुसतं उकळे. सरस मजबूत खरा, पण तो हाडंकातडी शिजवून करतात. कुठल्या जनावराची, हे दुकानदार शपथेवर सांगेना. लाख लावली, तर सोलापूरच्या उन्हात ती पाघळली आणि एक वकील कोटासकट दाराला असे चिकटले, की शेवटी कोट मोटारीत ठेवून सदऱ्यावरच कोर्टात गेले. डांबरानं भेगा बुजवल्या, तर धोतरांना काळे काठ आले. सफेदा आणि जवसाच्या तेलाची लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, वाळता वाळेना. आतोबा रोज अंगठा दाबून बघत आणि अंगठ्याएवढे खड्डे पाडून ठेवत. शेवटी शेजारच्या विणकरांकडून त्यांनी चिंचोक्याची खळ आणली. “सूत धरते, ती फळी का धरणार नाही?” खळ चाटून, वास घेऊन, तिला ‘निर्मळ’ ठरवून त्यांनी सगळी दारं चिकटवली.

नेमकं त्याच आठवड्यात आत्यानं मोटारीत बसायचं कबूल केलं. तोवर ती त्या गाडीच्या सावलीलाही उभी राहिली नव्हती. मैंदर्गी तिचं माहेर. भावाकडं, म्हणजे माझ्या काकांकडं, बारसं होतं. निघताना तिनं मला साक्षीला बसवलं आणि म्हणाली, “अहो, ऐका. ही गाडी मला धड नेऊन धड परत आणेल तर राहील. काही गळून पडलं, तर विकायची आणि परत दुकान उघडून गुमान बसायचं.” आतोबांनी मान हलवली आणि उतरून सगळी दारं पुन्हा एकदा अंगठ्यानं दाबून बघितली.

जाताना नवल घडलं, काही पडलं नाही. बारसं झालं. परत निघायला म्हणून बाजारात आलो, तर मोटारीभोवती शेळ्या! एका धनगराचा अख्खा कळप दाराला जिभा लावून उभा. आमच्या डोळ्यांदेखत आत्याच्या बाजूची फळी खाली आली आणि एक बोकड तिच्यावर उभा राहून उरलेली खळ चाटू लागला. धनगर कौतुकानं म्हणाला, “लई ग्वाड दार हाय की वो तुमचं!”

आत्यानं नुसतं आतोबांकडं बघितलं. ते पांढरेफटक पडले आणि समोरच्या सुताराच्या घराकडं धावले.

इथं एक सांगायला हवं. तिकडं घरोघर कानडी. आत्याची ती माहेरची भाषा, पण आतोबांनी ती कधी शिकली नाही. सासुरवाडीचे लोक आपल्याबद्दलच बोलतात हा त्यांचा पक्का संशय, आणि काय बोलतात ते कळू नये म्हणून हा बंदोबस्त. ‘बेकु’ म्हणजे पाहिजे आणि ‘बिसी’ म्हणजे गरम, एवढं मात्र चहापुरतं येत होतं. आत्याला विचारावं, तर ती मुद्दाम चुकीचं सांगेल ही भीती.

सुतार घरी नव्हता. त्याची बायको दारात आली. “एन बेकु?” काय पाहिजे, तिनं विचारलं.

आतोबा धापा टाकत म्हणाले, “सरस बेकु! बिसी बिसी सरस बेकु!”

आता सरस गरमच लावावा लागतो, यात त्यांचं काय चुकलं? पण कानडीत ‘सरस’ म्हणजे लाडीगोडी, नवराबायकोतली. बाईनं केरसुणी उचलली. “ए मुदका! नाचिकि इल्ला?” म्हाताऱ्या, लाज नाही का, असं विचारत ती अशी अंगावर आली, की आतोबा मोटारीला प्रदक्षिणा घालू लागले, तरी तोंडानं “थोडा तरी बेकु!” चालूच.

आणि मग मी आयुष्यात प्रथमच आत्याला खदखदून हसताना पाहिलं. डोळ्यांत पाणी, हात पोटावर. “अंटु, अव्वा, अंटु!” ती कशीबशी ओरडली. अंटु म्हणजे चिकटवायचा तो सरस. बाई थबकली, मग तीही उंबऱ्यावर बसून हसली. तिनं नवऱ्याचं सरसाचं भांडं चुलीवर ठेवलं.

सरस उकळताना आतोबा हळूच म्हणाले, “विचार ना, कुठल्या जनावराचा आहे.”

“केरसुणी अजून तिच्या हातात आहे,” आत्या म्हणाली.

फळी बसली, पण वाळेपर्यंत ती दाबून धरायला हवी होती. आत्या आत बसली आणि सोलापूर येईतो तळहात फळीला लावून बसून राहिली. मधूनच तिला आठवे आणि ती फळीसकट हलून हसे. घरी उतरल्यावर आतोबांनी खालमानेनं विचारलं, “मग, विकायची?”

“राहू द्या. पण सरस मागायला तुम्ही एकटे जायचं नाही.”

त्यानंतर प्रत्येक खेपेला ती शेजारी असे. आता मोटार गेली, आत्याही गेली. तिच्या बाजूचं ते दार तेवढं आतोबांनी ओसरीत उभं करून ठेवलं आहे. अजून येताजाता ते कपाट दाबतात, खुर्चीचा सांधा हलवून बघतात, माझ्या चपलेचा तळही सोडत नाहीत. त्या फळीला मात्र अंगठा लावत नाहीत. परवा मी नुसता हात पुढं केला, तर म्हणाले, “असू दे रे. तिनं धरलंय.”