निंदणीच्या पातीतला बचाव

पौर्णिमा मॅडम आमच्या रिसोडच्या कॉलेजात क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झाल्या तेव्हा त्यांचे कागद मीच तपासले. कारकुनाची नजर आधी खोट शोधते. किन्हीराजाची मुलगी, सहा वर्षं गोव्याच्या एका क्लबकडून पगारी फुटबॉल खेळलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर गावी परतलेली. 'पगारी' हा शब्द मी दोनदा वाचला. आमच्याकडे खेळणाऱ्या पोरीला घरून शिव्या मिळतात, पगार कुठला!

त्यांनी मुलींचा संघ उभा केला. पहिल्या वर्षी अमरावतीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात सात गोल खाऊन पोरी परत आल्या. प्राचार्यांनी सरळ सांगितलं, "पुढच्या वर्षीही पहिलाच सामना हरलात तर संघ बंद." त्या दिवशी मॅडमचा डबा तसाच राहिला.

सात गोल का बसले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बचावात चौघी होत्या, त्यांतली पल्लवी जरा संथ. तिला कुणी चकवलं की बाकीच्या तिघी जागा सोडून तिच्या मदतीला धावत आणि उरलेलं मैदान मोकळं पडे. या साऱ्या पोरी सुट्टीत आयांबरोबर निंदायला जाणाऱ्या. निंदताना बायका ओळीनं बसतात. तण काढायचा प्रत्येकीचा पट्टा, म्हणजे पात, ठरलेली. कुणी मागे राहिली तर तिला एकटी टाकून पुढे जायचं नाही, ही वावरातली रीत. मैदानावर तीच अंगलट येत होती. मॅडमनी फळ्यावर बाण काढले, गोव्यात शिकलेलं सगळं सांगितलं, ओरडूनही पाहिलं. पोरी माना डोलवत आणि मैदानात पुन्हा चौघी एका जागी गोळा होत.

मग एका सोमवारी मॅडम आईलाच घेऊन आल्या. पंचफुलाबाई चाळीस वर्षं निंदणाऱ्या, आता बायकांच्या टोळीच्या म्होरक्या.

"मले कायचा फुटबॉल येते वं?" म्हणत त्या कडेला बसल्या. अर्धा तास पाहिलं आणि पदर खोचून थेट मैदानात शिरल्या.

"साऱ्याजणी पल्लवीपाशी कायले पयता? तुमची पात कोन पाहीन?"

"पन आजी, तिले एकटीले कसं सोडाव?" पल्लवीच्या शेजारी खेळणाऱ्या वैजयंतीनं विचारलं.

"सोडा कोन म्हनते? शेजारची एकच सरकते. बाकीच्यायनं आपली पात धरून राहाव. माह्या टोळीत आजलोक कोनी मागं राह्यली नाही."

पुढचे पंधरा दिवस पोरी चेंडूशिवाय, ओळीनं मैदानभर पुढे-मागे चालत होत्या. गॅलरीतून मुलं खिदळत. मीही कमी नव्हतो. एकदा जाता जाता विचारलं, "मॅडम, मैदान निंदून राह्यल्या काय?"

"हो भाऊ," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तन लय माजलं आहे इथं."

मी गुमान ऑफिसात गेलो.

अमरावतीला सामानाचा हिशेब ठेवायला म्हणून मलाही पाठवलं होतं. समोर गेल्या वर्षीचा उपविजेता संघ. आमच्या पोरींनी कसाबसा एक गोल केला आणि नंतर नुसता मारा सोसला. शेवटच्या मिनिटाला पल्लवी घसरून पडली. आता तिघीही धावणार! पण एकटी वैजयंती सरकली. बाकीच्या दोघी जागच्या हलल्या नाहीत. समोरच्या मुलीला पास द्यायला कुणी मोकळं सापडेना, आणि तेवढ्यात वैजयंतीनं चेंडू बाहेर मारला. शिट्टी वाजली. एक-शून्य!

मी हिशेबाची वही हवेत भिरकावली. अभिमानानं छाती फुगली होती आणि आपण हसलो होतो याची लाजही वाटत होती. दुसऱ्या सामन्यात आम्ही हरलो, पण संघ वाचला.

पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा अर्ज भरायला मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. सहायक प्रशिक्षकाच्या रकान्यात त्यांनी आईचं नाव सांगितलं. शिक्षण, चौथी. पुढचा रकाना अनुभवाचा होता. तो मी त्यांना न विचारताच भरला, बावीस वर्षांच्या नोकरीत काढलं नसेल इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: चाळीस वर्षे, निंदणी.