इंजेक्टर साफ करताना मंदारच्या डोळ्यात स्प्रे गेला

मित्रांनो, आज सकाळी घडलेलं सांगतो.

माझी जुनी बाईक बरेच दिवस गचके खात होती. गॅरेजवाला म्हणाला, इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागात, कचरा अडकलाय. म्हटलं, आपणच साफ करू, व्हिडिओत तर सोपं दिसतं. फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या अंगणात मी आणि शेजारचा मंदार बसलो. इंजेक्टर काढला, त्याला नळी जोडली आणि मी त्यातून क्लीनरचा स्प्रे मारायला लागलो.

"फवारा येतच नाय रे, अजून दाब," मंदार वाकून बघत म्हणाला. मी जोरात दाबलं. नळी सटकली आणि सगळा स्प्रे त्याच्या उजव्या डोळ्यात गेला.

तो ओरडत खाली बसला. त्याची आई, आमच्या मालवणी काकी, धावत आल्या. त्यांनी त्याचा डोळा नळाखाली धरला, मी टॅक्सी आणली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोळा धुऊन पट्टी बांधली. बुबुळाला इजा झालीये, नजरेचं पट्टी काढल्यावरच सांगता येईल म्हणाले.

बाहेर बाकावर काकी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"तुझ्या डोळ्यात नाय मा उडाला काय?"

माझ्या डोळ्यात तर नाही ना उडालं, हे बघत होत्या. मी नकारार्थी मान हलवली.

उद्या पट्टी काढतील. तू पण ये, असं काकी म्हणाल्यात. जाईन.

घरी अशी कामं करताना तुमच्यापैकी किती जण डोळ्यांवर गॉगल लावतात? आमच्या तर डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.