बाकावरून मी उठवलेली बाई

शेठजींनी छत्रीचं टोक बाकाकडे केलं आणि म्हणाले, "पेंटर, हे बाई कोन हाय? उठव तिले."

ती बाई माझी बायको होती.

भंडाऱ्यात तलावाच्या काठी तेव्हा सिमेंटचे बारा बाक नवे बसवले होते. गावातल्या बड्या लोकांनी दिलेले. प्रत्येक बाकाच्या पाठीवर देणाऱ्याच्या आईचं नाहीतर बापाचं नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. ती नावं रंगवायचं काम माझ्याकडे होतं. शेठजींची राइस मिल होती. त्यांच्या वडिलांचं नाव मी आदल्या दिवशी रंगवलं होतं, रंग वाळला होता. मी पलीकडच्या बाकामागे उकिडवा बसून दुसरं नाव काढत होतो.

शेवंता डबा घेऊन आली. उन्हातून, चालत. डबा माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी ठेवला आणि शेठजींच्या बाकावर बसली. आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात तिचा दिवस अंधाऱ्या खोलीत, जमिनीवर बसून, हातमागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात जायचा. तिने पाठ टेकली. पाय लांब केले. पाण्याकडे पाहत म्हणाली, "किती मस्त हवा लागून राहिली जी इथं. रोज यावं वाटते."

तेवढ्यात शेठजी आले.

"तुह्या ओळखीची हाय का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही जी," मी म्हणालो. "वाटेनं जानारी असन."

मग तिच्याकडे न पाहता म्हणालो, "ऊठ वं बाई. हे बसाची जागा नाही."

ती उठली. शेठजी म्हणाले, "पुसून घे." माझ्या खांद्यावर टर्पेंटाइनचं फडकं होतं. ती बसली होती ती जागा मी पुसली. दोनदा पुसली. दुसऱ्यांदा पुसायला कोणी सांगितलं नव्हतं.

ती तलावाच्या बांधावरून, पाळीवरून निघून गेली. मी तिने आणलेला डबा खाल्ला. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. बाकाखालच्या मातीत बसून. सगळा खाल्ला.

हा अपमान कोणाचा, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी आजवर तो माझा म्हणून सांगत आलो.

मोहल्ल्यात ही गोष्ट वेगळीच माहीत आहे. ती मीच पसरवली. काही वर्षांनी फ्लेक्स आले. ब्रशने आठवड्यात व्हायचा तो बोर्ड मशीन तासाभरात काढू लागलं. गावातल्या सगळ्याच पेंटरांचं काम बसलं. पण मला कारण माझ्या घरात हवं होतं, हाताशी, जे उलटून बोलणार नाही असं. मी सांगू लागलो, हिने शेठजींशी भांडण केलं. त्यांच्या बेंचवर जाऊन बसली, ऊठ म्हटलं तर तोंड चालवलं, म्हणून गावातलं माझं काम तुटलं.

आधी आई तसं म्हणू लागली. मग भाऊ. मग माझी मुलं. लग्नकार्यात तिची थट्टा ठरलेली. पुतण्या म्हणायचा, "काकू, सोफ्यावर जरा सांभाळून बसा बरं! काकाजीचं राहिलंसाहिलं काम जाईल." सगळे हसत. मीही हसायचो. ती खाली सतरंजीवर बसायची.

खरं असं आहे. बाराही बाक मीच पुरे केले. त्यानंतर शेठजींच्या मिलची भिंत मीच रंगवली, गोदामाची दारं मीच रंगवली, वर्षानुवर्षं. त्या बाईमुळे माझा एक दिवसही खाडा झाला नाही. तिने तोंड उघडलंच नव्हतं. उघडायला हवं होतं ते मी, आणि मी उघडलं ते तिला ओळखत नाही म्हणायला.

आम्ही कुठे बसायचं नाही, हे या गावाने कधी लिहून लावलं नाही. गावातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. तशी पाटी असती तर ती मीच रंगवली असती. गरजच पडली नाही. मोहल्ल्यापासून तलाव दहा मिनिटांवर. आमची माणसं गणपती पाण्यात शिरवायला तिथे जात आणि परत येत. बसायला कोणी जात नसे. हवा खाणं हे बड्या लोकांचं. आपण त्यांच्या हवेतून सामान घेऊन जायचं. माझी मुलं लहानपणी तलावावर जाऊ म्हणायची तेव्हा मी विचारायचो, "तिकडं तुमचं काय काम हाय?" काम नसलेल्या जागी माणूस जाऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे शेठजी एकटे नव्हते. त्यांचा पहारा माझ्या घरात मी देत होतो.

दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. सत्तरी ओलांडल्यावर मी माझं गाव पाहायला निघालो.

सकाळी तलावावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पळतात. धापा टाकतात, एकमेकींना शिव्या देतात, हसतात. हिवाळ्यात एक म्हातारी पाळीच्या तोंडाशी उकडलेले शिंगाडे घेऊन बसते. तलावातलेच. गरम असताना सोलले की बोटं काळी होतात. मी कागदात बांधून घेतले आणि बाकावर बसलो. बारा बाकांची नावं काढणारा मी, त्यांतल्या एकालाही कधी टेकलो नव्हतो. टेकलो. ऊन अंगावर आलं. शिंगाडा गोड लागला. आणि मला राग आला, असा की घास तोंडात फिरू लागला. एवढंच होतं तर! ऊन, पाणी, टेकायला जागा. यात कोणाचं काय जात होतं? फुकट होतं, म्हणूनच आमच्यापासून राखून ठेवलं होतं. विकत असतं तर आम्हाला विकलं असतं.

आणि हेही लिहितो. ते सुख मी चार महिने एकट्याने घेतलं. घरी सांगितलं नाही.

मग एकदा शिंगाडे घरी नेले. शेवंता तांदूळ निवडत होती.

"कोठून आनले?"

"तलावावरून. तू बी चाल ना एखाद्या दिवशी."

तिने वर पाहिलं नाही. "मी बसल्यावर पुसाले फडकं घेतलं का संग?"

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदा बोलली.

त्यानंतर आठ दिवसांनी मी शेठजींच्या त्याच बाकावर बसलो होतो. शेठजी आता नाहीत. त्यांचा मुलगा पांढरे बूट घालून चार मित्रांबरोबर फिरायला येतो. माझ्यासमोर येऊन थांबला. आवाज गोड.

"काकाजी, जरा तिकडच्या बेंचवर बसता का? आमचा ग्रुप येऊन राहिला. हे आमच्या आजोबांची बेंच हाय."

माझे गुडघे गेले आहेत. उठायला काठी लागते. त्या दिवशी मी काठीशिवाय उठलो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठलो. उभा राहिल्यावर मला कळलं की मी उभा आहे. अंगाला एवढी सवय. मी पुन्हा खाली बसलो.

"काय झालं काकाजी?"

"काही नाही झालं. बसून राहिलो."

"अहो, मागचं नाव तरी वाचा."

"वाचाचं काय त्यात? मीच लिवलं हाय ते. नाव तुमच्या आजोबाचं, जागा नगरपालिकेची."

एक मित्र म्हणाला, "सकाळी सकाळी काकाजीची शुगर चढली वाटते." ते हसले.

मग मी त्यांना सांगितलं. बायको, बाक, फडकं, सगळं. मोठ्याने. एकाने मोबाइल काढला, एक घड्याळ बघू लागला. शेठजींचा मुलगा म्हणाला, "जुन्या काळात चालत होतं तसं." आणि ते पुढे गेले. मी बसून राहिलो. पण छाती हलकी झाली नाही. ज्यांना माझ्या बायकोचं नावसुद्धा माहीत नाही त्यांच्यापुढे खरं बोलायला काय लागतं? खोटं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. ज्यांना सांगितलं होतं ते माझ्या घरात होते.

त्या रविवारी पुतण्याच्या घरी बारसं होतं. जेवणं चालली होती. शेवंता एका खुर्चीला टेकू लागली आणि पुतण्याने ती थट्टा केली, नेहमीचीच. सगळे हसले.

मी ताटावरून उठलो. म्हणालो, "ती भांडली नव्हती. मी तिले ओळखत नाही म्हणालो. मी तिले उठवलं, अन् ती बसली होती ते जागा फडक्यानं पुसली. काम फ्लेक्सनं गेलं. मी खोटा हाव."

मोठा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आता कायले उकरता जुनं?"

"जुनं असतं त तुमी आत्ता हसले नसते."

शेवंताने जेवण पुरं केलं. हात धुतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्या दिवशी मी पाळीच्या टोकावर उभी होती. वाटलं, तुमी मांगून याल. लय वेळ उभी होती." ओला हात पदराला पुसला. "आता माह्या मांगं येऊ नका."

आता ती संध्याकाळी तलावावर जाते. शेजारणीला घेऊन. कोणत्या बाकावर बसते, काय खाते, मला माहीत नाही. मी विचारत नाही. तिच्या वेळेला तिकडे फिरकत नाही. माफी मी मागितलेली नाही. मागितली की ती देण्याचं ओझं पुन्हा तिच्यावरच.

मी सकाळी जातो. शेठजींचा मुलगा हल्ली उठायला सांगत नाही, समोर उभा राहून फोनवर ओरडतो. ओरडू दे.

तिथून मी मोहल्ल्यात जातो. ज्या ज्या घरात मी तिच्याबद्दल खोटं बोललो, त्या दारात उभा राहून खरं सांगतो. काही जण हसतात. काही जण चहा पुढे करतात, मी घेत नाही. परवा एक म्हातारा विणकर म्हणाला, "आता सांगून काय फायदा गा?" मी म्हणालो, "फायद्यासाठी खोटं बोललो होतो. हे फायद्यासाठी नाही."

त्याच्या पुढची गल्ली पुरी राहिली आहे. उद्या तिथून सुरू करणार. एकही दार सोडणार नाही.