मागच्या खोलीतला बाप

थोरलीचा राग सगळ्या लाँड्रीत प्रसिद्ध होता. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, वाफेच्या इस्त्रीच्या मशीनवर तिची अर्धी हयात गेली होती. ओल्या चादरी एका बाजूनं आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूनं कडक आणि गरम बाहेर आल्या की दोघींनी मिळून घड्या घालायच्या. चादर वाकडी गेली की थोरली अशी काही करवादायची की नव्या बायकांच्या हातून घडीच सुटायची. ‘मशीन बंद पडलं तरी चालेल, बाई वाफेवरच असते,’ असं तिथले पुरुष म्हणायचे. हळूच म्हणायचे, कारण एकदा मोठ्यानं म्हणणाऱ्याच्या अंगावर तिनं ओल्या टॉवेलांची अख्खी गाडी उलटी केली होती.

हा राग कुठून आला, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो तिनं माहेराहून आणला होता. निघताना एवढीच वस्तू तिच्याकडे होती.

ती शाळेत होती तेव्हा त्या घरात पहिल्यांदा सुरू झालं. मागच्या खोलीच्या भिंती आतून कुणी लाथा माराव्यात तशा वाजायच्या. फडताळातली भांडी आपोआप खाली यायची. मग एके दिवशी जेवता जेवता थोरलीच्या तोंडून भलताच, जाड, घोगरा आवाज निघाला. त्या आवाजानं भरल्या ताटावर सांगून टाकलं की आईचं बोट दारात सापडलं नाही, ते बापानं पिरगाळून मोडलं. शब्द आपल्या तोंडून जाताहेत हे तिला कळत होतं, पण जीभ तिच्या ताब्यात नव्हती. काहीतरी थंडगार तिच्या छातीवर बसून बोलत होतं.

बोललं ते खरं होतं. पण खरंखोटं कुणी पाहिलंच नाही. बाप म्हणाला, ‘पोरीला बाहेरचं लागलंय.’ आईनं मान डोलावली. भूत झाडणारा माणूस बोलावला गेला. त्यानं तिला मागच्या खोलीत कॉटला बांधून भिजवलेल्या दोरानं झोडपलं. आईनं तिचे पाय धरून ठेवले. बाप दारात उभा राहून ‘अजून, अजून’ म्हणत होता. शेवटी तिची वाचाच बसली, आणि पोरगी बरी झाली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हातात पहिली नोकरी आल्याबरोबर तिनं ते घर सोडलं. बाप मेला तेव्हाही ती गेली नाही.

आणि आता धाकट्या भावाचा फोन आला होता. ‘ताई, पुन्हा सुरू झालंय.’

‘कुणाला?’

‘छोटीला.’ छोटी त्याची मुलगी, तिसरी-चौथीतली. ‘ताई, ती बाबांच्या आवाजात बोलते. तुलाच बोलवते सारखी. त्या झाडणाऱ्याचा मुलगा आहे ना, त्याला बोलावलंय मी. तू ये फक्त.’

थोरलीनं फोन ठेवला, अंगावरचा ॲप्रन काढून मशीनवरच फेकला आणि निघाली.

ती पोचली तेव्हा भर दुपार होती. घराला नवा रंग दिला होता, खिडक्यांना नव्या जाळ्या होत्या. मागच्या खोलीची कडी मात्र अजूनही बाहेरूनच होती. बाहेरच्या खोलीत झाडणाऱ्याचा मुलगा पाय पसरून चहा पीत बसला होता. पँटला इस्त्री चांगली होती, पण पिशवीतून दोर डोकावत होता. शेजारी आई. म्हातारी झाली होती, चिमटीएवढी. थोरलीला पाहून ती म्हणाली, ‘आलीस? बरं झालं. तुझं उतरलं होतं ना, तसं हिचंही उतरेल.’

थोरलीची कानशिलं तापली. ती तडक स्वयंपाकघरात गेली. भावजय वरच्या फळीवरून पातेलं काढायला धडपडत होती. तिचा डावा हात खांद्याच्या वर जातच नव्हता.

‘कशानं झालं हे?’

‘बाथरूममध्ये पाय घसरला, ताई.’

‘आमच्या आईचाही तिथंच घसरायचा. या घराच्या बाथरूमइतकी निसरडी जागा जगात नसेल बघ.’

भावजयीनं पातेलं तिथंच सोडलं. ती पुटपुटली, ‘छोटीनं पाहिलं. त्या दिवसापासूनच सुरू झालं.’

थोरलीनं जाऊन मागच्या खोलीची कडी काढली.

पोरगी कॉटच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केसांच्या पार झिपऱ्या झाल्या होत्या. बाहेर ऊन भाजत होतं आणि खोलीत थोरलीच्या तोंडातून वाफ निघत होती. छोटीनं मान वर केली. डोळे तिचेच होते, पण ते कुणीतरी मागून वापरत होतं.

‘कार्टे,’ बापाचा आवाज आला. ‘दार लाव. बाहेर ऐकू जातं.’

बाप हात उचलण्याआधी नेमकं हेच म्हणायचा. मेलेला, जाळलेला माणूस एवढ्याशा गळ्यातून तेच बोलत होता, आणि तो गळा प्रत्येक शब्दाला फुगत होता. कोपऱ्यातलं लोखंडी कपाट करकरत वीतभर पुढे सरकलं. पळून जावं असं तिला वाटलं. मग त्या फुगणाऱ्या गळ्याकडे पाहता पाहता इतक्या वर्षांचा राग उसळून वर आला, आणि त्यापुढे भीतीला जागाच उरली नाही.

‘नाही लावणार,’ ती ओरडली. ‘दार उघडं राहील. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे! जिवंतपणी बायकोची हाडं मोडलीस, पोटच्या पोरीला झोडपून घेतलंस, आणि मेल्यावर एवढ्याशा लेकराच्या गळ्यात जाऊन बसलास? लाज नाही वाटली?’

आवाज हसला. ‘मी कुठं गेलो होतो? धाकट्याला विचार.’

तेवढ्यात धाकटा दारात आला. ‘ताई, त्याला चिडवू नकोस! तुला अक्कल आहे का? तू आधी बाहेर हो!’ तो ओरडला मात्र, छोटीचं अंग धनुष्यासारखं वाकलं आणि भिंती धडाधड वाजू लागल्या. थोरलीनं ते पाहिलं. तो गप्प झाला, तशी पोर सैल पडली. तो पुन्हा ओरडला, तशी पुन्हा ताठ झाली.

थोरली वळली आणि भावाच्या छातीला छाती भिडवून उभी राहिली. ‘बायकोचा खांदा कुणी मोडला?’

‘तू आमच्या घरात नाक खुपसू नकोस.’

‘कुणी मोडला?’

धाकट्याचा हात वर गेला. त्याच क्षणी खोलीतून बापाचा आवाज आला, अगदी मायेनं, शाबासकी दिल्यासारखा, ‘हाण. हाण तिला.’

हात हवेतच राहिला. सगळ्यांनी ऐकलं होतं. झाडणाऱ्याच्या मुलानं कप खाली ठेवला. आई भिंतीला धरून उभी होती. ‘बाहेरचं आहे गं ते, बाहेरचं आहे,’ ती म्हणत होती.

‘बाहेरचं कुठलं?’ थोरली तिच्यावर उसळली. ‘घरातलंच आहे! तेव्हाही घरातलंच होतं, आणि तुला ठाऊक होतं. का धरलेस माझे पाय? आज मला सांग. सांग!’

आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ‘तुला मारत होते, तोवर मला मारणार नव्हते,’ ती म्हणाली. ‘म्हणून धरले.’

भिंती वाजायच्या थांबल्या. थोरलीला वाटलं होतं की हे ऐकलं की रडू येईल. रडू आलं नाही. तिनं भावजयीला हाक मारली, ‘चल, तिकडून धर.’

‘घराबाहेर नेलीत तर पोर जगायची नाही,’ झाडणाऱ्याचा मुलगा दोर हातात घेऊन आडवा आला.

‘तो दोर दे इकडे,’ थोरली म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं मुकाट्यानं दिला. तिनं तो खिडकीतून गटारात भिरकावला.

छोटीला उचलायला गेल्या तर ती दगडासारखी जड. भावजय एकाच हातानं ओढत होती, थोरलीच्या कमरेतून कळ निघत होती. पोरीच्या तोंडून घाणेरड्या शिव्यांचा पट्टा चालू होता आणि मागं कपाट दारावर येऊन आपटत होतं. धाकटा भिंतीला टेकून खाली बसला होता. त्यानं अडवलं नाही, मदतही केली नाही. उंबऱ्यावर तर छोटीला कुणीतरी आतून ओढत असावं, असा हिसका बसला. ‘सोड रे मेल्या!’ थोरली ओरडली आणि तिनं सगळ्या अंगाचा भार बाहेर टाकला. तिघीही गल्लीत उताण्या पडल्या.

छोटीला भडाभडा उलटी झाली. मग तिनं तोंड पुसलं, इकडंतिकडं पाहिलं आणि बारीक, स्वतःच्या आवाजात म्हणाली, ‘आत्या, माझी चप्पल आत राहिली.’

‘राहू दे,’ थोरली म्हणाली. ‘दुसरी घेऊ.’

मायलेकी थोरलीच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. तो आवाज अधूनमधून झोपेत यायचा. थोरली उठून त्याला चार शिव्या हासडायची आणि पोरीला कुशीत घ्यायची. हळूहळू तो यायचा बंद झाला. भावजयीचा खांदा बसवला, पण पूर्वीसारखा झाला नाही. तिलाही लाँड्रीत घड्या घालायचं काम मिळालं. धाकटा दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळेला थोरलीनं त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. तिकडचे शेजारी सांगायचे की त्या घरातून आता रोज दोन पुरुष भांडताना ऐकू येतात, आणि दोघांचा आवाज एकच असतो.

एका दुपारी लाँड्रीच्या दारात आई उभी दिसली, हातात कापडी पिशवी. ‘मला तिथं राहवत नाही गं,’ ती म्हणाली.

तिला हाकलून द्यावं, असं थोरलीच्या पुन्हा पुन्हा मनात येत होतं. तिनं बाकाकडे बोट केलं. ‘बस तिथं. माझं काम सुटायचंय.’

काम सुटल्यावर तिनं आईला घरी नेलं, जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं. छोटी आजीशी बोलली. भावजयही बोलली. थोरली बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कितीतरी दिवस नाही.