आप्पांचा पहिला प्रश्न

आप्पा जळालेल्या घरात शिरताना चपला बाहेर काढून ठेवायचे. आत फुटक्या काचा, खिळे, वाकलेले पत्रे; तरी अनवाणी. एकदा कवठ्याच्या एका गोदामापाशी कुणीतरी हसून म्हणालं, "सायेब, आत काचा हायती, देऊळ न्हाई." आप्पा वाकून चपला नीट एकीशेजारी एक लावत म्हणाले, "परवापर्यंत कुणाचं तरी होतं ना हे?" घरी आले की परसातल्या दगडावर बसून ते पाय धुवायचे. पाणी काळं व्हायचं. सासूबाई कुरकुरायच्या, "मसणातनं आल्यावाणी येता दरवेळी." आप्पा पाय पुसत म्हणायचे, "तिथनंच येतो."

आप्पा म्हणजे माझे सासरे. शिरूर तालुक्यात त्यांना 'जळीतवाले आप्पा' म्हणत. ते विमा कंपनीचे नोकर नव्हते. एखाद्या दुकानाच्या, गिरणीच्या आगीचा क्लेम आला आणि कंपनीच्या मनात पाल चुकचुकली, की त्यांना पुण्याहून बोलावणं यायचं. मग पिशवीत चष्मा, टेप आणि पाण्याची बाटली टाकून ते एसटी पकडायचे. ज्याची चौकशी, त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही असा त्यांचा नेम होता. पण गावात पाणी नाकारलं तर माणूस दुखावतो. म्हणून ते आपलीच बाटली आधी समोरच्याला द्यायचे. "घ्या, घसा कोरडा पडला असेल," म्हणायचे. मग त्याच बाटलीतून स्वतः पीत. आगीनंतर त्या माणसाला घशाचं विचारणारे बहुधा तेच पहिले असत.

मी शाळेत शिकवायचे. आप्पा मराठीत सांगायचे आणि मी त्यांचा अहवाल इंग्रजीत उतरवायचे. 'संशयास्पद' हा शब्द मी एकदा आपल्या मनाने घातला, तर त्यांनी तो खोडायला लावला. "सूनबाई, संशय कंपनीचा. आपण पाहिलं तेवढं लिही. क्लेम पास करणं आपलं काम नाही, नाकारणंही नाही. काय झालं ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं."

सगळी भिस्त त्यांच्या पहिल्या प्रश्नावर असे. माल किती होता, आग कुठून लागली, हे सगळं नंतर. आधी ते विचारत, "देव कुठं होते?" पाबळच्या बाजूला एका गिरणीवाल्याची गिरणी आणि मागची खोली जळाली होती. तो छाती पिटून रडत होता. आप्पांनी विचारलं, "देव कुठं होते?" त्याने काळ्या भिंतीतला कोनाडा दाखवला. कोनाड्यात राख होती, पण पितळेचा थेंब नव्हता. गिरणीवाला म्हणाला, "देव... उजळायला दिलं व्हतं, आप्पा."

"सगळे एकदम?"

"व्हय."

"खंडोबाचा टाकपण?"

गिरणीवाल्याचं रडणं तिथेच थांबलं. आप्पा हा किस्सा सांगताना हसत नसत. "माणूस आपल्या घराला काडी लावतो," ते म्हणायचे, "देवाला लावत नाही. देव आधी निघतात. मेहुण्याच्या नाहीतर बहिणीच्या घरी जाऊन बसतात." वर एवढंच जोडायचे, "राख बोलते गं, पण तिला विचारावं लागतं."

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. निमोण्याच्या रस्त्यावर सुदाम नावाच्या मंडपवाल्याचं दुकान जळालं. कनाती, गाद्या, सतरंज्या, लाकडी मखर, सगळं गेलं. दुकानामागच्याच खोलीत तो बायको आणि आईसह राहायचा, तीही गेली. आगीच्या थोडंच आधी त्याने विमा वाढवून घेतला होता, त्यामुळे कंपनी बिथरली. क्लेम नाकारला गेला असता तर सुदामला दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू वाहावे लागले असते.

आप्पांनी बाटली पुढे केली. सुदाम बाटलीकडे पाहत राहिला. "मी तोंड लावून पितो, साहेब."

"मग लावा की."

तो प्याला, मग आप्पा प्याले. मग प्रश्न झाला. सुदामचं घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीचा जळका खिळा होता आणि तिची काच खाली फुटून पडली होती. पण शेजारच्या फळीवरची बुद्धाची मूर्ती नव्हती. फळी जळाली होती, पण पितळ कुठेच नव्हतं.

"लग्नाला दिली व्हती," सुदाम म्हणाला. "ज्याच्याकडं मूर्ती नसती त्याच्या लग्नाला मी आमच्या घरची देतो. मंडपासंगं."

"कुणाच्या लग्नाला दिली?"

"ते न्हाई सांगता येत."

"सुदामराव, न सांगण्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना?"

"हाय ठाव. जे लिवायचं ते लिवा, साहेब. बाकी काय बी इचारा, येवढं एक न्हाई."

आप्पांना तो माणूस खोटा वाटला नाही. पण त्यांचा नियमही त्यांना कधी खोटा ठरला नव्हता. त्या आठवड्यात ते एसटी स्टँडवर चौकशी करत फिरले. मग दौंडच्या एसटीच्या कंडक्टरकडून कळलं, की आगीच्या आधी सुदाम शालीत काहीतरी गुंडाळून, मांडीवर घेऊन दौंडला गेला होता. तिथे त्याची बहीण राहते. आप्पा दौंडला गेले. बहिणीने दार अर्धंच उघडून सांगितलं, "आमच्याकडं न्हाई मूर्ती." तेव्हा आप्पा स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर आले आणि त्यांनी नेहमीच्या स्वच्छ आवाजात विचारलं, "शिरूरकडचं, नव्या लग्नाचं कुणी इथं राहायला आलंय का? त्यांच्याकडे बुद्धाची मूर्ती असेल."

टपरीवाल्याने रेल्वे लाइनीपलीकडची एक खोली सांगितली. मुलीने दार उघडलं. पत्र्याच्या ट्रंकेवर मूर्ती होती, पुढे मोगऱ्याची फुलं. मुलगी बागायतदार घरातली, मुलगा सुदामच्या आळीतला. सुदामने त्या मूर्तीसमोर त्यांचं लग्न लावून दिलं होतं. मूर्ती परत न्यायच्या आत त्याचं दुकान जळालं. मुलगी म्हणाली, "आबा, घरचे शोधत्यात आम्हाला. कुणाला सांगू नका." आप्पा म्हणाले, "नाही सांगणार, पोरी." पाणी तिने विचारलं नाही. त्यांनीच बाटली पुढे केली.

आप्पांनी शब्द पाळला. अहवालात मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं, की मूर्ती एका लग्नासाठी दिली होती, ती आपण डोळ्यांनी पाहिली, आणि नावं न देण्यामागे आगीशी संबंध नसलेलं कारण आहे. आग वायरिंगची होती, ते तर राखेनेच सांगितलं होतं. सुदामचा क्लेम पास झाला.

पण आप्पा टपरीवर विचारत होते, तेव्हा तिथे मुलीच्या गावचा एक उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. आप्पा शिरूरला पोचले तोवर त्यांचा प्रश्न त्या गावाला पोचला होता. दुसऱ्या दिवशी दौंडला जीप आली. पुढच्या आठवड्यात आप्पा पुन्हा त्या खोलीपाशी गेले, तेव्हा दाराला कुलूप होतं. खिडकीतून स्टोव्ह दिसला, ताटात चिरून ठेवलेली भेंडी काळी पडलेली. मूर्ती सुदामची बहीण घेऊन गेली होती. शेजारच्यांपैकी कुणी म्हणालं, दोघं आधीच गाडीत बसून गेली. कुणी म्हणालं, पोरीला जीपमध्ये घातलेलं पाहिलं. आप्पा बहिणीच्या दारापर्यंत गेले आणि कडी न वाजवता परत फिरले.

त्यानंतर त्यांचं काम हळूहळू सुटलं. जळालेल्या जागी ते जायचे, चपला काढायचे, आत फिरून यायचे. पण देवांबद्दल विचारायचे नाहीत. पुढे बोलावणीही येईनाशी झाली. दौंडला मात्र जायचे. फलाटावरच्या बाकावर बसून गाडी येईपर्यंत, मग ती जाईपर्यंत, खिडक्यांमधले चेहरे पाहायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, सुदामदादांना विचारा ना. त्यांना ठाऊक असेल." ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी त्यांना काडी पेटवायला सांगत होते. "विचारून काय होतं, ते पाहिलंय मी," एवढंच म्हणाले.

सुदामकडे मात्र ते जात राहिले. लग्नसराई संपली की त्याच्या नव्या दुकानात जाऊन बसायचे. तिथे चहा घ्यायचे, पाणी प्यायचे. ती मूर्ती नव्या फळीवर असायची. तिच्याकडे पाहायचे आणि उठायचे.

दोन हजार सालानंतर आठेक वर्षांनी, एका हिवाळ्यात आप्पा गेले. दहाव्यासाठी सुदाम न बोलावता बांबू आणि कनाती घेऊन आला. अंगणाबाहेर चपला काढून त्याने एकट्याने मंडप बांधला. मी चहा नेऊन दिला. तो बांबूला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, साहेब माझ्याकडं यायचे, बसायचे. पण त्या दोघांचं कवाच इचारलं न्हाई."

मी ट्रे खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"टपरीवाल्यानं त्याच दिवशी भैनीला सांगितलं, कोण तरी मूर्तीचं इचारत हाय. तिचा सांगावा आला, तसा रातीच दौंडला जाऊन जीप यायच्या आदी म्याच बसवलं त्यांना गाडीत. लांब हायती, बरी हायती. पोरगी हाय त्यांना, चौथीत." तो मान खाली घालून बोलत होता. "मला शपत व्हती, आपणहून कुणाला सांगायचं न्हाई. साहेबांनी इचारलं असतं तर मोडली असती. मला वाटायचं, आज इचारतील. त्यांनी इचारलं न्हाई, तवा म्हटलं, त्यांना नसंल ऐकायचं."

फलाटावरचा तो बाक डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग मी विचारलं, "दादा, त्या मुलीचं नाव काय ठेवलंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, अंगणात कुणी नाही ना ते पाहिलं, आणि हळू आवाजात सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. सगळे गेल्यावर मी परसात गेले, आप्पा बसायचे त्या दगडावर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते नाव एकदा मोठ्याने म्हटलं. दगडाची काळी कड पाण्याने अजूनच काळी दिसू लागली.