आधी फुटपाथवर, मग चष्मा

टावर चौकातल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात सुहास मोघेने एक नियम घालून घेतला होता. नवा चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायचा, त्याला फुटपाथवर न्यायचं आणि समोरच्या पाट्या वाचायला लावायच्या. दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यावर त्याचा भरवसा बेताचाच. लोक हसत, पण तीस वर्षांत एकही चष्मा परत आला नाही, हे तो दर तिसऱ्या माणसाला ऐकवायचा.

त्याचा दोस्त अमोल आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, ऋताला घेऊन आला तो कावलेलाच. "फळ्यावरचं उतरवतच नाही ही. सर म्हणतात, दिमाग कमजोर है. चष्म्याने जमलं तर ठीक, नाहीतर शाळेतून काढतो."

मंद दिव्यात ऋताने तक्त्याच्या चार ओळी वाचल्या. बाहेर उन्हात तिला दुकानाची पाटीसुद्धा वाचता येईना. सुहासने चष्मा विकला नाही, तिला इंदूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आई-बापाचंही रक्त तपासायला घेतलं.

महिन्याने रिपोर्ट घेऊन अमोल पुन्हा ऋतासह आला. "सीधी भाषा में सांग."

"अंधारात डोळ्याच्या पेशीत कॅल्शियम शिरत असतं. उजेड पडला की ते घटतं. मग एक एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि पेशीला पुढच्या उजेडासाठी पुन्हा तयार करतं. कॅल्शियम वाढलं की एन्झाइमने आवरतं घ्यायचं. हिच्यात ते आवरतच नाही, म्हणून कॅल्शियमची दारं उघडीच राहतात. कॅल्शियम साचत जातं आणि दिवसा बघायच्या पेशी हळूहळू मरतात. दिमाग एकदम ठीक आहे हिचा."

"इलाज?"

"अभी तो नहीं. गडद काचा, खिडकीकडे पाठ करून पहिला बाक, मोठी अक्षरं. एवढ्यावर ही शिकेल. माझ्याकडून लिहून घे."

सुहासने रिपोर्टचं पान उलटलं. दोष बापाकडून आला होता, म्हणजे अमोलच्याही डोळ्यांत तोच होता. गेली वीस वर्षं अमोल त्याच्याकडूनच काळे चष्मे नेत होता. सुहास त्याला हीरो म्हणून चिडवायचा. दोस्ताला कशाला तपासायचं म्हणून त्याने एकदाही अमोलला फुटपाथवर उभं केलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली, आणि त्याने ती बोलूनही दाखवली.

अमोलने त्याचं ऐकून घेतलं, पण नजर ऋतावर होती. "मला दहावीतून काढलं तेव्हा बाबाही हेच म्हणाले होते. दिमाग कमजोर. आणि मी आजपर्यंत ते खरं मानत आलो."

मग त्याने तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं. "चल. सरांना मीच सांगतो."